हौशानं खाल्लेला घेवडा

ऊसतोडीहून परतलेल्या ट्रकमधून बाकीच्या बायका आधी पत्र्याची पेटी उतरवतात. आमच्या शेजारच्या दैवशालावहिनी आधी घमेलं उतरवतात. त्यात बाग असते.

पोखर्णीजवळच्या आमच्या वस्तीवरून वहिनी आणि त्यांचा नवरा रामहरी दिवाळीनंतर बैलजोडी घेऊन ऊस तोडायला जातात, ते शिवरात्रीच्या आसपास येतात. तेव्हा घेवड्याचं बी परसात लावलं, तर उशीर झालेला असतो. घेवडा उन्हाला इतका नाजूक, की चैत्र तापला की फुलं झटकून मोकळा होतो. म्हणून ही बाई कारखान्याजवळच्या कोपीतच, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीतच, रोपं करते. टपरीवरचे उष्टे कागदी कप गोळा करायचे, बुडाला दाभणानं भोक पाडायचं, माती भरायची आणि एकेक बी टोचायचं. दिवसभर मोळ्या बांधून आल्यावर त्यांना पाणी घालायचं. माझ्या घरी नळ आहे आणि तुळस वाळलेली आहे. असो.

यंदाचं बी शेवटचं होतं. वहिनींच्या आईनं दिलेला, जांभळ्या ठिपक्यांचा घेवडा. दोन वर्षं उन्हानं फुलं गेली आणि डब्यात बावीस दाणे उरले. आणखी जुनं झालं तर उगवेल की नाही, म्हणून वहिनींनी सगळे टोचले. बावीसच्या बावीस वर आले.

वाटेत ऊन लागू नये म्हणून त्यांनी घमेलं ओल्या वाढ्यानं झाकलं. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, बैलांचा रोजचा खुराक. घोळ तिथंच झाला. वस्तीवर उतरल्या उतरल्या रामहरीनं ते घमेलं मोठ्या मायेनं हौशा बैलापुढं ठेवलं.

"आवो, काय केलंत! त्यात माझ्या मायचा घेवडा हाय!"

"मला वाटलं वाढंच हाय. तू तरी रोपं वाढ्यात कशाला झाकलीस?"

"मंग काय तुमच्या टोपीखाली झाकू?"

हौशानं मान वर केली, तेव्हा त्याच्या ओठाला एक कप चिकटला होता. मी हसलो. मग वहिनींचं तोंड दिसलं आणि हसू गिळलं.

तेरा रोपं मुळासकट गेली होती. उरलेल्या नऊ कपांत बोटभर उघडे दांडे.

"टाकून द्या आता, वहिनी."

"भावजी, हे दिसायलंय का?" दांड्याला बियाच्या दोन जाड फाका अजून चिकटून होत्या. "ह्या हायत तवर ह्याची शिदोरी संपली न्हाई. बगलंतून फुटंल."

दवाखान्यात आजाऱ्याच्या नातेवाइकांपुढं डोलवतात, तशी मी मान डोलवली.

वहिनींनी नऊ दांडे न्हाणीच्या पाण्यावर लावले, वर जुन्या लुगड्याचा मांडव घातला. रामहरीनं न सांगता प्रत्येकाजवळ एकेक तुराटी रोवली. एक पान नाही आणि वेलाला आधार तयार! गुन्हेगार माणूस किती कामसू होतो ते मी तेव्हा पाहिलं.

नवव्या दिवशी वहिनींनी हाक मारली. मी गुडघ्यांवर बसलो. फाका सुकून सुरकुतल्या होत्या, आणि त्या जिथं चिकटल्या होत्या तिथून, दोन्ही बगलांतून, मोहरीएवढे हिरवे कोंब निघाले होते. एकाच्या जागी दोन! बैलानं डोकं खाल्लेल्या जिवाला हे कुणी शिकवलं? मी पन्नाशीचा बडबड्या माणूस. पाच मिनिटं माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. बायकोनं घरातून विचारलं, "काय झालं, बरं नाही का?"

सहा वेल जगले. चैत्र तापायच्या आत शेंगा धरल्या. बियाण्यासाठी ठेवायच्या शेंगेला चिंधी बांधतात. इथं प्रत्येक शेंगेला चिंधी. तुराट्या नवसाच्या झाडासारख्या दिसत होत्या.

"एक वाटी भाजी?" मी विचारून पाहिलं.

"चिंध्या दिसंनात का तुमाला?"

शेंगा वाळल्यावर वहिनी एक कागदी कप घेऊन आमच्या दारात आल्या. आत राख आणि राखेत वीस ठिपकेदार दाणे.

"अर्धं बी तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. आमच्या घरी हौशा हाय."

"अहो, माझी तुळस..."

"बघितली मी. पेरायचं न्हाई, नुसतं ठिवायचं. तेवढं तर जमंल?"

मी कप दोन्ही हातांनी धरला. त्याच्या काठावर हौशाचे दात उमटलेले होते.