फळ्यावरचा पांढरा क्रौंच

अरुणभाऊजी गेल्याचा फोन ताईने केला तेव्हा ती रडत नव्हती, संतापली होती. "भांडता भांडता गेले गं," ती म्हणाली. "सांगत होते ना मी... एक दिवस हा माणूस भांडणातच जाणार!" शेजाऱ्याने कुंपणातलं करंजाचं झाड तोडायला माणूस चढवला होता. एका फांदीवर शिंजिराचं, म्हणजे त्या अंगठ्याएवढ्या सूर्यपक्ष्याचं, घरटं लोंबत होतं. भाऊजी भिंतीवर चढले, त्या माणसाच्या हातातला कोयता हिसकावून गटारात फेकला आणि शेजाऱ्याची कॉलर धरली. कॉलर धरलेली असतानाच कोसळले. त्यांची मूठ सोडवायला दोघे लागले म्हणे. महिना उलटून गेला, झाड अजून उभं आहे. शेजाऱ्याची हिंमत होत नाही.

पक्षी पाहणारा माणूस म्हटला की हळू आवाजात बोलणारं, टोपी घातलेलं, सोशिक असं कुणीतरी डोळ्यांसमोर येतं. भाऊजींना ओळखणाऱ्यांना या कल्पनेचं हसू येईल. नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात ते टर्नर होते आणि तिथेही सुपरवायझरशी त्यांचं वर्षातून दोनदा तरी वाजायचं. मी त्यांची मेहुणी, त्यामुळे त्यांना चिडवायचा हक्क माझ्याकडे होता आणि तो मी भरपूर वापरला. "भाऊजी, पक्षी तुम्हाला बघून उडतात की तुमच्या आवाजाला घाबरून?" असं विचारलं की ते दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणायचे, "सुमा, तू गप्प बसलीस तर निम्मे तरी परत येतील." ताईला या नादात काडीचा रस नव्हता. स्कूटरवर मागे बसायची पाळी मग माझ्यावर यायची, आणि मला ती हवीच असायची.

आम्ही जायचो सायखेड्याच्या पुढे, गोदावरीच्या फुगवट्याच्या पाण्यावर. बंधाऱ्याच्या रस्त्यावर केशवची चहाची टपरी होती. नव्वदच्या सुमारास नाशिकहून पक्षी बघायला येणाऱ्या पाचपंचवीस लोकांचा तो अड्डा. मोबाइल कुणाकडे नव्हते. कुणी काय पाहिलं ते दुसऱ्याला कळणार कसं? म्हणून भाऊजींनी कारखान्यातून एक भंगार पत्रा आणला, त्याला काळा रंग दिला आणि टपरीच्या कुडाला ठोकला. ज्याला जे दिसेल त्याने ते खडूने लिहायचं. कुठला पक्षी, कुठल्या रानात, आणि खाली आपलं नाव. नियम एकच होता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तरच लिहायचं. एका प्राध्यापकांनी दुसऱ्याने पाहिलेला ससाणा स्वतःच्या नावावर लिहिला, तर भाऊजींनी भरल्या टपरीत त्यांच्या हातातला चहाचा ग्लास उडवला होता. लोक त्यांना घाबरायचे, पण त्यांच्या नावाखाली लिहिलेल्या ओळीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. या विश्वासाचा त्यांना फार अभिमान होता. एवढी एकच श्रीमंती आपल्याजवळ आहे, असं ते म्हणायचे.

थंडी सरत आली की क्रौंचांची, म्हणजे उत्तरेकडून येणाऱ्या त्या उंच, करड्या पाहुण्या पक्ष्यांची, परतीची तयारी सुरू होते. हिवाळाभर विखुरलेले थवे एकत्र येतात, हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या रानात पोटभर चरतात, आणि एका सकाळी वर वर चढत उत्तरेला निघून जातात. तो दिवस गाठायचा म्हणून भाऊजी सुट्ट्या साठवून ठेवत. त्या वर्षी आम्ही पोचलो तेव्हा हरभऱ्याच्या रानात चाकांच्या खुणा होत्या, पिसं होती आणि रक्त होतं. एक क्रौंच अजून जिवंत होता. एक पंख मुळातून लोंबत होता, मान मात्र ताठ, आणि आम्ही जवळ जाताच तो चोच उगारून आमच्या अंगावर आला. वर त्याचा जोडीदार घिरट्या घालत ओरडत होता. तो आवाज मैलभर ऐकू जातो. भाऊजींनी शर्ट काढून त्या पक्ष्यावर टाकला, गुडघ्याखाली दाबला आणि मान मुरगाळली. त्याने आधी त्यांच्या दंडाचा लचका तोडला होता. "बघू नकोस," ते मला म्हणाले, पण मी बघितलं. वरचा पक्षी ओरडायचा थांबला नाही.

टपरीवर केशव खाली मान घालून उभा होता. "जीप आली व्हती, दादा. रंगनाथशेठ अन् त्याचे दोस्त. च्या पिले, फळा वाचला, अन् सरळ तिकडंच गेले." फळ्यावर आदल्या रविवारची ओळ होती. कुठलं रान, कुठल्या विहिरीजवळ, सगळं नीट. खाली अरुणभाऊजींचं नाव. त्यांनी ती ओळ तळहाताने पुसली. दंडातून ओघळणारं रक्त पत्र्याला लागलं...

पुढच्या रविवारी त्यांनी फळ्यावर आयुष्यातली पहिली खोटी ओळ लिहिली. क्रौंच होते पूर्वेला. त्यांनी लिहिलं, पश्चिमेला, उसाच्या फडामागे. आणि त्या फडात आम्ही बसलो. भाऊजी, मी, आणि ज्यांचा हरभरा जीपने तुडवला होता ते दोन शेतकरी. जीप आली. रंगनाथ तालुक्यातला ट्रॅक्टर गॅरेजवाला, अंगाने दांडगा, हातात दुनळी बंदूक. भाऊजी समोर जाऊन उभे राहिले आणि काही न बोलता त्यांनी नळीच धरली. झटापटीत बार उडाला, छर्रे उसात गेले, आणि त्या दिवसापासून भाऊजींच्या डाव्या कानाने काम सोडलं. कुणीतरी त्यांच्या तोंडावर ठोसा मारला, दोन दात पडले. मी धोंडा उचलून जीपची काच फोडली आणि सांगायला अजिबात लाज वाटत नाही, मला फार बरं वाटलं. तोवर बंदूक भाऊजींच्या हातात आली होती. त्यांनी दस्ता रंगनाथच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. मग त्यांनी ती बंदूक बांधावरच्या दगडावर आपटून आपटून तोडली. तोंडातून रक्त गळत होतं आणि ते हसत होते. तो चेहरा मला अजून भीती घालतो.

प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं नाही, कारण दोन्हीकडे लपवण्यासारखं होतं. पण त्या रविवारी उसाच्या फडाकडे आमचेच काही लोकही क्रौंच बघायला गेले होते आणि उन्हात पायपीट करून परतले होते. त्यांच्यात सगळ्यात ज्येष्ठ होते देशपांडे सर. त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "हेतू चांगला होता, अरुण. पण फळ्यावर तुझं नाव होतं." भाऊजी पहिल्यांदाच कुणाला उलट बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी, क्रौंच निघायच्या बेतात असताना, भाऊजी एकटेच गेले होते. मला ताप होता. दुपारी सायखेड्याच्या बूथवरून त्यांचा फोन आला आणि मला वाटलं, कुणी मेलं. ते धड बोलू शकत नव्हते. "सुमा... पांढरा... करड्या क्रौंचांत एकच पांढरा... तोंड तांबडं." सायबेरियन क्रौंच. आपल्या भागात तो उतरल्याचं आमच्यापैकी कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. त्यांनी फळ्यावर जागेसकट लिहिलं. खांदा मोडलेला माणूस पुन्हा या वाटेला यायचा नाही, अशी त्यांची खात्री होती. मग नाशिकला येऊन घरोघर जाऊन लोकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे जेमतेम चार जण आले. पक्षी नव्हता. करडे क्रौंचही नव्हते. देशपांडे सर फळ्यासमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता कुणाला फसवायला लिहिलंय, अरुण? की पांढरा करकोचा पाहिलास आणि क्रौंच समजलास?" भाऊजींनी त्यांच्या दिशेने हात उगारला. मग तो हात वळवून फळ्यावर घातला. पत्रा मधोमध वाकला, त्यांची बोटं फुटली. त्यानंतर ते कुणाबरोबर पाण्यावर गेले नाहीत. कधीमधी जेवताना मध्येच विचारायचे, "तुझा तरी विश्वास आहे ना गं?" होता. पक्षी मी पाहिला नव्हता, पण फोनवरचा तो आवाज ऐकला होता. मात्र माझ्या एकटीच्या विश्वासाने त्यांचं भागत नव्हतं. सात-आठ वर्षं हा माणूस त्या एका शब्दापायी आतून धुमसत राहिला, आणि देशपांडे सरांना मी त्याबद्दल आजही माफ केलेलं नाही.

भाऊजींच्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर दारात एक थोराड माणूस उभा राहिला. एक खांदा खाली गेलेला. मी ओळखलं आणि हातातला पाण्याचा तांब्या घट्ट धरला. रंगनाथ ओट्यावरच बसला, ताईकडे न बघता.

"वहिनी, एक सांगायचं व्हतं. ते व्हते तवर हिंमत नाय झाली. दुसरा खांदा पण मोडला असता त्यांनी." त्याने घसा खाकरला. "तो पांढरा पक्षी व्हता. मीच पाडला. फळ्यावर लिहिलं त्याच दिवशी, सांजच्याला."

मीच ओरडले, "कशावरून तोच?"

"उभा व्हता तवा सगळा पांढरा. उडला तवा पंखांची टोकं काळी. पडल्यावर सुलटा केला, तर डोळ्यांपर्यंत तोंड तांबडं." त्याने मोडका खांदा चोळला. "टपरीवरले सगळे हसत व्हते. म्हणले, अरुणदादाचा फळा खोटा, तिकडं कुत्रं पण नसंल. मला वाटलं, हा माणूस एकदा खोटं लिहील... दोनदा नाय लिहिणार. म्हणून गेलो."

भाऊजींच्या शब्दावर विश्वास ठेवून त्या संध्याकाळी तिकडे गेलेला माणूस एकच, आणि तो हा. माझ्या हातून तांब्या सुटला की मी तो फेकला, मला सांगता येणार नाही. त्याच्या मोडक्या खांद्यावर बसला. त्याने हात वर केला नाही. ताईने मला बाजूला ढकललं आणि त्याला एवढंच म्हणाली, "देशपांडे सरांच्या घरी जा. मला सांगितलंत तसंच्या तसं त्यांना सांगा. आजच." तो उठला, अंगावरचं पाणी न पुसता पत्ता विचारून गेला.

मग ताई आतल्या खोलीत गेली. भाऊजींचा फोटो तिथे खुर्चीवर ठेवलेला आहे, त्यांची दुर्बीण शेजारी. या माणसाच्या पक्ष्यांना जन्मभर नावं ठेवणारी माझी बहीण त्या खुर्चीपुढे जमिनीवर बसली आणि ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला वाकून, जिवंत माणसाशी बोलावं तसं बोलली. "अहो, ऐकलंत का? होता तो. पांढराच होता. एका माणसाने पाहिलाय, आत्ताच सांगून गेला." तिने पदराने फोटोची काच पुसली. मी दारात उभी होते. माझ्याकडे बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

पुढचं तिने त्यांना सांगितलं नाही.