अठराशे भरले की घरी

काटेकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. तीस वर्षं माणूस दुकानोदुकानी फिरून बिघडलेले वजनकाटे दुरुस्त करतोय, नाव टिकणार कुठून? खांद्याला पिशवी, तिच्यात पाने, पक्कड आणि पितळी वजनांची पेटी. सोनाराकडे गेले की श्वाससुद्धा जपून घ्यायचा, कारण तिथलं वजन फुंकरीनं हलतं. भंगारवाल्याकडे अर्धा किलो इकडेतिकडे झालं तरी तो त्याला वजन म्हणतच नाही. शेजारच्या मावशींना वजन म्हणजे मागे लागलेलं शुक्लकाष्ठ, दर सोमवारी त्या त्याच्याशी नव्यानं भांडण उकरून काढतात. आणि काकांचे व्याही? "वरच्या साहेबांकडे आपलं वजन आहे," असं म्हटल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. काकांना या सगळ्याची मोठी गंमत वाटायची. मग नात झाली आणि गंमत पार पळाली.

नात अडीच महिने आधीच आली, बाराशे ग्रॅमची. काचेच्या पेटीत ठेवली, नाकात नळी. "अठराशे भरले की घरी," डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आणि घरातलं सगळं बोलणं त्या एका आकड्याभोवती फिरायला लागलं. रोज सकाळी सिस्टर बाळाला काट्यावर ठेवायची. आकडा वाढला तर लेक दोन घास जेवायची, नाही वाढला तर पाण्यावर दिवस काढायची. व्याह्यांनी साहेबांकडचं वजन वापरून बाळाला लवकर सोडवून आणायची तयारी दाखवली. काका पहिल्यांदाच त्यांच्यावर खेकसले.

असा दीड महिना गेला. काल सतराशे ऐंशी होते. आज काका काम अर्धवट टाकून पिशवीसकट दवाखान्यात पोचले, तेव्हा काट्यावर आकडा होता अठराशे पाच. लेक हसतच सुटली. तिनं टोपडं, दुपटं, बाटल्या भराभर पिशवीत कोंबायला सुरुवात केली. जावयाला फोनही लावला.

काकांचं लक्ष मात्र काट्याकडे होतं. सिस्टरनं बाळ उचललं, तेव्हा आकडा झटकन शून्यावर यायला हवा होता. तो आला, पण रेंगाळत आला.

आता हे बघायची काही गरज होती का? सगळं घर ज्या क्षणाची वाट बघत होतं, तो आला होता. डोळे मिटून पेढे वाटायचे सोडून हा गृहस्थ काट्याकडे बघत बसला! काकांनी स्वतःला दोन शिव्या घातल्या. दाराकडेही वळले. पण पाय निघेनात. बाळ घरी गेलं आणि काही झालं तर? आणि आपल्याला माहीत होतं तर?

"सिस्टर, एक मिनिट काटा बघू?"

"काका, आमचे काटे चांगले असतात."

"असतील हो. फक्त एक वजन ठेवतो."

त्यांनी पेटीतलं दोन किलोचं वजन रुमालानं पुसलं आणि अलगद ठेवलं. दोन हजार तीस. उचलून पुन्हा ठेवलं. दोन हजार तीस. काट्यानं झुकतं माप दिलं होतं, आणि तेही नेमकं इथे.

सिस्टरचा चेहरा उतरला. सकाळपासून तिनं आणखी पाच बाळं त्यावर ठेवली होती. "काल दुपारी फरशी धुताना काटा उचलून खाली ठेवला होता," ती हळूच म्हणाली. "तेव्हा दणका बसला असेल."

काकांनी मनातल्या मनात तीस वजा केले. आजचे खरे सतराशे पंचाहत्तर. काटा काल दुपारी बिघडला असेल, तर काल सकाळचे सतराशे ऐंशी खरे होते. म्हणजे पोर वाढली नव्हती, उतरली होती.

लेकीला सांगावं लागलं. तिच्या हातातलं टोपडं तसंच राहिलं.

"बाबा, तुम्हाला सगळीकडे काटेच दिसतात का हो? एक दिवस गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

तिचंही चुकत नव्हतं. दिवसभर ती त्यांच्याशी बोलली नाही, दवाखान्यातल्या आयांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. काकांनी दुसऱ्या वॉर्डातला काटा मागवून तपासला, तो बरोबर निघाला, तो तिथे बसवून घेतला आणि घरी गेले. जेवणात चित्त नव्हतं. पाच ग्रॅम. भंगारवाला हसला असता. पण काकांना त्या पाच ग्रॅमांची धास्ती बसली होती.

सकाळी ते सगळ्यांच्या आधी हजर. काट्यावर आधी दोन किलोचं वजन ठेवलं, दोन हजार म्हणजे दोन हजारच. मग सिस्टरनं बाळ ठेवलं. पोरीनं पाय झाडले, आकडा वरखाली नाचला. काकांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

सतराशे ब्याण्णव.

"वाढली!" सिस्टर ओरडलीच. "सतरा ग्रॅम! आठच तर कमी आहेत. मॅडमना विचारते, आजच सोडतील."

लेकीनं सिस्टरकडे पाहिलंच नाही. तिनं कालपासून पहिल्यांदाच वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, आठ ग्रॅम म्हणजे किती हो?"

"दोन चमचे साखर," काका म्हणाले.

लेकीनं बाळाला उचलून छातीशी धरलं आणि खुर्चीत बसली.

"मग भरू देत," ती म्हणाली, आणि पोरीला पाजायला घेतलं.