समोरच्या नामदेवाचं मेतकूट

किराणा दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात. माल निदान विकला तरी जातो, किस्से कोण तोलून नेणार? मग ते असे मित्रांपुढं मांडावे लागतात.

गोष्ट निजामाच्या शेवटच्या काळातली. कंधारला आमचं छोटं दुकान होतं. जाडे पोहे, ज्वारीच्या लाह्या, धपाट्याची भाजणी आणि आईच्या हातचं मेतकूट, असा न्याहारीचा माल आम्ही ठेवायचो. शाळा लवकर सोडून मी गादीवर बसलो. बरं चाललं होतं. मग समोर नामदेवानं दुकान टाकलं, आणि त्याच्या बायकोनं मेतकूट दळलं!

*

आमच्याकडं चिमूटभर तळहातावर घेऊन चाखल्याशिवाय कुणी मेतकूट घेत नसे. एक आजोबा रोज आमच्याकडं चाखत आणि रस्ता ओलांडून नामदेवाकडून घेत. मी भिडस्त, महिनाभर गप्प राहिलो. शेवटी धीर केला.

"आजोबा, आमचं चांगलं न्हाई का?"

"चांगलं हाय की! आधी तुझं चाखलं म्हंजे त्याचं लई झकास लागतं!"

*

वाराही नामदेवाच्या बाजूचा. त्याच्या मेथी-हिंगाचा वास थेट आमच्या गल्ल्यापर्यंत यायचा. वैतागून मी दारावर गोणपाट बांधलं.

दुपारी बाहेरून आवाज आला, "काय झालं रे? घरातलं कुणी गेलं का?"

मी गोणपाट सोडेपर्यंत गिऱ्हाईक समोर पोचलं होतं!

*

परके जाऊ द्या. आईची मैत्रीण गोदाक्का, लहानपणी मला कडेवर खेळवलेली बाई, दर बाजाराला नामदेवाकडून पावशेर मेतकूट घ्यायची. आणि पदराखाली झाकून आमच्याच बोळातून न्यायची! मी तिच्याशी बोलणं टाकलं.

आईला सांगितलं, तर म्हणाली, "जाऊ दे रे. ज्याची त्याची जीभ."

*

बरं, नामदेवाचा राग धरावा तर तेही जमेना. एकदा आमच्या तागडीची दोरी तुटली. त्यानं आपली तागडी आणून दिली. "वापर भाऊ, माझ्याकडं दुसरी हाय."

दिवसभर मी ती तागडी उलटीसुलटी करून तपासली. काटा अगदी बरोबर निघाला! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

पोळ्यानंतर नामदेवाच्या शेतातले मूग निघाले. त्यानं पितळी डबा भरून आमच्या घरी वानोळा दिला. वानोळ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून आईनं त्यात मेतकूट भरलं. मीच नेऊन दिलं, मान खाली घालून.

नामदेवाकडं तहसिलीतले पेशकारसाहेब बसले होते. त्यांनी सहज झाकण उघडलं आणि चिमूट तोंडात टाकली.

"वाह! नामदेव, आज का माल तो लाजवाब है!"

"साहेब, हे माझं न्हाई. समोरच्या काकूंचं हाय."

पेशकारसाहेब उठले ते थेट आमच्या दुकानात आले! मागं पाच-सहा गिऱ्हाइकं. "मेरे को पांच सेर होना. येइच वाला!"

उभ्या जन्मात पहिल्यांदा माझा आवाज मोठा निघाला. "बसा साहेब! घरचंच हाय!" नामदेव समोरून बघत होता. मी पळतच आत गेलो.

"आई, डब्यातलं मेतकूट! पाच शेर! पेशकारसाहेब बसून राहिलेत!"

आई मूग पाखडत होती. मान वर न करता म्हणाली,

"मग गोदाक्काला हाक मार. दर खेपंला तीच आणती."