बाबांचा तलाव आणि पाचशे जीबी

परवा ऑफिसात एका सहकाऱ्याने विचारलं, "ताई, तुमच्याकडे तो गेमचा डबा आहे ना? त्यातली जागा पुरते का जी?" मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा चहा अर्धा टाकून उठला. त्याची काहीच चूक नव्हती. त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर इथे लिहिते: नाही पुरत.

गोंदियाच्या दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, "मॅडम, इतनी जगह है कि भर ही नहीं पाओगे." खोक्यावर पाचशे जीबी छापलेलं. घरी आणून टीव्हीला लावला तर चारशेसुद्धा मोकळी नाही. बाकीची डब्याने स्वतःसाठीच ठेवली म्हणे. आमच्याकडे कोणी धान साठवायची ढोली विकत घेतली आणि तिच्यात विकणाऱ्याचीच चार पोती आधीपासून भरलेली निघाली, तर अख्खा गाव गोळा होईल. इथे मात्र सगळे म्हणतात, तसंच असतं.

डबा घेतला नवऱ्याच्या क्रिकेटसाठी, पण कामी आला तो माझ्या बाबांच्या. बाबांचं आयुष्य बोदलकसाच्या तलावावर मासे धरण्यात गेलं. अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडला, तेव्हा मी त्यांना तिरोड्याला माझ्या घरी आणलं. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी दुसऱ्याच दिवशी अंगणात भिरकावला. "मी का लहान लेकरू आहो?"

मग मी डब्यात मासेमारीचा एक खेळ घेतला. गळ टाकायचा, मासा लागला की बटण दाबून दोरी ओढायची. बाबा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पानी बराबर आहे." त्या दिवसापासून रिमोट त्यांचा झाला. हिवाळा सरेपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं वळायला लागली. पकडलेले मासे खेळातल्या एका तलावात सोडता येत. मासे परदेशी, पण बाबांनी त्यांची मरळ आणि रोहू करून टाकली होती. रोज सकाळी आंघोळ झाली की ते आधी आपला तलाव, त्यांच्या भाषेत तराव, बघून घेत.

आषाढ लागला आणि त्यांनी रिमोट ठेवून दिला.

"काऊन जी बाबा?"

"मासोऱ्या अंड्यावर आहेत. पोळा होयेपर्यंत बंदी."

"टीव्हीतल्या मासोऱ्यांले कायची बंदी?"

"तराव कोनताही असो," ते म्हणाले आणि कुरकुरत रबरी चेंडू दाबू लागले. मला हसू आलं. शेजारणींनाही मी ती गंमत सांगत सुटले.

श्रावणात नवऱ्याच्या क्रिकेटला अपडेट आलं. आधीच तो एक खेळ निम्मी जागा अडवून बसलेला, त्याला आणखी हवी होती. कशासाठी? प्रेक्षकांचे चेहरे नीट दिसावेत म्हणून! जागा अपुरी आहे, असं सांगून डब्याने बरेच दिवस न खेळलेल्या खेळांची यादी पुढे केली. सगळ्यात वर बाबांचा खेळ. "बाबा कुठे खेळतात आता?" नवरा म्हणाला. काढून टाकायचं बटण मी दाबलं. मग डब्याने विचारलं, साठवलेला खेळही पुसायचा का? तेवढीच जागा होईल म्हणून मी त्यालाही हो म्हटलं. पुढे कळलं, ती जागा जेमतेम एका फोटोएवढी होती. एका फोटोएवढी! कोणाच्या तरी चेहऱ्यावरचा घाम स्पष्ट दिसावा म्हणून मी बाबांचा तलाव पुसला.

दुकानदाराला मी पुष्कळ शिव्या घातल्या, कंपनीला घातल्या, नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला. पण डब्याला बंदी कशी कळणार? मला तर कळत होती. माझं लहानपण त्याच बंदीत गेलं. त्या दोन महिन्यांत आमच्या घरी वाळवलेले मासे शिजायचे आणि ताज्याचा हट्ट धरला की पाठीत धपाटा बसायचा. स्वतःवरचा हा राग अजून जात नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळ करून टीव्हीपुढे बसले. "लाव वं बाई. तराव उघडला."

यादीतला दुसरा एक खेळ काढून मी बाबांचा खेळ पुन्हा उतरवून ठेवला होता, बाबांना कळणार नाही अशा वेड्या आशेने. त्यांनी दोन बोटांनी बटण दाबलं. पाणी आलं, काठ आला. तलावात एकही मासा नव्हता.

"मासोऱ्या कुठी गेल्या?"

मी खरं सांगितलं. आणि वर, चूक पदरात घ्यायची सोडून, त्यांच्यावरच आवाज चढवला. "दोन महिने तुमी हात नाही लावला बाबा. मले वाटलं, आता रिकामाच पडून आहे."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"बंदीत तराव रिकामा नाई रायत बाई," ते म्हणाले. "तवाच त मासोऱ्या वाढून रायतेत."

रिमोट त्यांनी उजव्या हाताने माझ्याकडे सरकवला आणि चेंडू उचलला.