चंद्रकला आणि उकडलेलं अंडं

माझा राग आमच्या आश्रमशाळेत प्रसिद्ध आहे. नवापूर तालुक्यातल्या या शाळेत मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय. पोरी घरी मावची बोलतात, शाळेत मराठी, आणि माझं डोकं फिरलं की मी अहिराणीवर येते. "काय करी ऱ्हायनी वं?" एवढं कानावर पडलं की पोरी समजतात, आता काही खरं नाही.

गेल्या वर्षी वर्गात भलामोठा टच पॅनेल आला. त्यावर एक वेबसाइट उघडायची, तिथं सूर्य, पृथ्वी, चंद्र बोटानं ओढता येतात. सगळं इंग्रजीत, पण ओढायला इंग्रजी कशाला लागतं! पहिल्याच दिवशी आठवीच्या पोरींनी पृथ्वी सूर्याजवळ नेऊन भाजून काढली. दुसऱ्या दिवशी हवामानाच्या पानावर धुराची पट्टी पार टोकाला सरकवली आणि ध्रुवावरचा सगळा बर्फ वितळवून टाकला. "मॅडम, बर्फ संपला, आता काय करू?" "आता बस रडत," मी म्हटलं, आणि वर्गाबरोबर मीही पोट धरून हसले. एवढा गोंगाट मी आजवर कधी खपवून घेतला नव्हता.

तिसऱ्या दिवशी चंद्रकला होत्या. हा तर माझा हातखंडा विषय. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, म्हणून चंद्र कधी कोरीएवढा, कधी अर्धा दिसतो. मला माझ्या मास्तरांनी असंच शिकवलं होतं, मीही असंच शिकवत आले. पुस्तकात काय लिहिलंय ते मी कधी वाचलंच नाही. जे पाठच आहे ते कोण वाचतं?

वर्गात एक मुलगी होती, बारीकशी, कमी बोलणारी, पण प्रश्न विचारायला जराही न भिणारी. अख्ख्या वर्गात मला न भिणारी ती एकटीच. तिनं चंद्र ओढत ओढत पृथ्वीच्या बाजूला आणला. कोपऱ्यातल्या चौकटीत अर्धा चंद्र दिसला. ती बघत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, पृथ्वीची सावली तर मागं पडलीय. चंद्र इकडं बाजूला आहे. मग अर्धा कसा झाला?"

मी पॅनेलकडे पाहिलं. उत्तर येईना. आणि उत्तर आलं नाही की मला काय येतं, ते सगळ्या शाळेला ठाऊक आहे.

"नेटवर काहीही दाखवतात! शिकवायला मी इथं उभी आहे ना? बस खाली!"

ती बसली. त्यानंतर तिनं एकही प्रश्न विचारला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. पोरी पॅनेलवर मंगळावर गाड्या चालवत होत्या आणि ती मान खाली घालून वहीत उतरवत होती. मला ते खुपत होतं. एकच पोरगी धीटपणे विचारायची, तिचं तोंड मीच बंद केलं होतं. पण माघार घेईल तो माझा स्वभाव कुठला!

मग चाचणी झाली. चंद्रकला का दिसतात, दोन मार्क. सगळ्या पोरींनी माझंच उत्तर लिहिलं होतं, तिनंसुद्धा. मी खुशीत दोनपैकी दोन दिले. पान उलटताना लक्षात आलं, उत्तराच्या वर पेन्सिलीनं काहीतरी काढून खोडलंय. खिडकीशी नेऊन पाहिलं. सूर्य, पृथ्वी, बाजूला चंद्र. सूर्याकडचा अर्धा भाग मोकळा, पलीकडचा रेघा ओढून काळा केलेला. सावली कुठंच नव्हती. मी पेपर गठ्ठ्यात खुपसला, पण जेवण काही गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यावर लक्ष ठेवायची पाळी माझी होती. उकडलेल्या अंड्यांचा वार. सगळ्या पोरी खाली बसून खात होत्या आणि ही बया अंगणात उन्हात उभी, एक डोळा मिटून, अंडं आभाळाकडे धरून! मी तरातरा गेले. "अंडं खायचं असतं की आभाळाला दाखवायचं असतं?"

ती दचकली. बाजूला सरकली आणि अंडं माझ्या हातात दिलं.

दक्षिणेला उंच अर्धा चंद्र होता, सकाळचा, फिकट. माझ्या डाव्या हाताला सूर्य. मी हात लांब करून अंडं चंद्राच्या शेजारी धरलं. सूर्याकडची बाजू उजळ, पलीकडची काळपट. अंडं अर्धं आणि चंद्रही अर्धा, अगदी तसाच! मध्ये पृथ्वीची सावली येणार कुठून? पृथ्वीवर तर मी उभी होते, आणि उन्हात होते.

"माय वं!" माझ्या तोंडून निघालं.

पाच मिनिटांत अख्खी आठवी अंगणात, प्रत्येकीच्या हातात अंडं, प्रत्येकीचा एक डोळा मिटलेला. स्वयंपाकाच्या मावशी दारातून ओरडत होत्या, "आज कोणता सण शे वं?"

वर्गावर जाण्याआधी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती आता दुसऱ्या गावात शिक्षिका आहे. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मी पण तुमचंच शिकवतेय हो!" म्हणजे वाटोळं मी दोन पिढ्यांचं केलं होतं.

वर्गात गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. मी चुकले. बावीस वर्षं चुकीचं शिकवलं. साइट बरोबर होती, हिचं बरोबर होतं, आणि हिला मी उगाच ओरडले. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मॅडम चुकतात हे त्यांना नवीनच होतं. पेपर वाटले. म्हटलं, "उत्तर सगळ्यांचं चूक आहे, पण दोष माझा. मार्क कुणाचेच जाणार नाहीत."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र पेपर घेऊन टेबलाशी आली.

"मॅडम, माझे कापा."

"का गं?"

"यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पेपर तुम्ही तपासणार, म्हणून चित्र खोडलं."

मी लाल पेन उघडलं, दोनावर काट मारली आणि बाजूला शून्य काढलं.

तिनं शून्य नीट निरखून पाहिलं. मग हसली, जागेवर गेली आणि शेजारणीला पेपर दाखवत म्हणाली, "बघ, मला एकटीला मिळालं."