पाट्यांच्या बैठका

आमची सून मला कधी "चुकलं" म्हणत नाही. ती विचारते. "आप्पा, चष्मा घरीच राहिला का?" म्हणजे मी नटाला भलताच पाना लावलेला असतो.

लग्नाआधी तिने आयटीआयमध्ये वेल्डिंगचा कोर्स केला होता. मुलगा अंबडला कंपनीत. त्याला ग्रीसचा वासही नको. ही मात्र दुपारची द्वारका चौकाजवळच्या आमच्या गाडीदुरुस्तीच्या शेडवर यायची आणि प्रश्न विचारायची. तीस वर्षं ट्रकखाली काढलेल्या माणसाला प्रश्न आवडत नाहीत. मी खेकसायचो.

खरं कारण वेगळंच होतं. माझा उजवा हात थरथरायला लागला होता. वेल्डिंगची रेघ सरळ येईना. शेड बंद करावी लागणार, या विचाराने मी आतून खचलो होतो आणि घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

अशात पिंपळगावचे एक जुने गिऱ्हाईक ट्रक घेऊन आले. मागच्या अॅक्सलला तडा गेलेला. भंगारातून त्यांनी दुसरा आणला होता, पण तो वेगळ्याच गाडीचा. गाडीचा भार झेलणारे स्प्रिंगचे पाटे अॅक्सलवरच्या ज्या लोखंडी बैठकांवर टेकतात, त्या कापून आपल्या पाट्यांच्या मापाने नव्या बसवायच्या होत्या.

"परवापासून द्राक्षं भरायची हायेत, आप्पा. लय उशीर करू नका," ते म्हणाले.

दोन्ही बाजूंची मापं मी तीनतीनदा घेतली. त्यात खोट नव्हती. गाडी जॅकवर उचललेली होती. अॅक्सलच्या मधल्या डिफरन्शियलचं तोंड इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या रेषेत नजरेनेच धरलं आणि वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली. त्या घटकेला हात शांत होता. तो पुन्हा थरथरायच्या आत मला काम उरकायचं होतं.

"आप्पा, पाटे आत्ता लोंबकळतायत ना?" सुनेने विचारलं.

ती काय म्हणतेय ते मला लगेच कळलं. गाडी चाकांवर आली, माल भरला की पाटे दबतात आणि डिफरन्शियलचं तोंड फिरतं. बैठका आधीच पक्क्या केल्या तर कोन चुकतो, शाफ्ट थरथरतो आणि एक दिवस भर रस्त्यात जॉइंट तुटतो. हे मीच किती जणांना शिकवलं असेल! लाज वाटली की मला राग येतो. मी वेल्डिंगचा होल्डर खाली आपटला. "मग तूच कर!"

तिने तो उचलला. बैठका नुसत्या बोल्टांत सैल धरून गाडी चाकांवर उतरवली. शेजारच्या टेम्पोतली कांद्याची पोती मागून आणून ट्रकमध्ये रचली. तरी भार कमी पडला. गिऱ्हाईक चढले, त्यांचा क्लीनर चढला, आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

चढलो. स्वतःच्या शेडमध्ये मी कांद्याच्या पोत्यावर वजन म्हणून बसलो. खाली ती डिफरन्शियलच्या तोंडाला मोबाइल टेकवून कोन वाचत होती. मला राहवेना. मी फळीवरून वाकून बघायला गेलो.

"आप्पा, हलू नका!"

क्लीनरने जीभ चावली. लग्न होऊन तीन वर्षं झाली, एवढ्या काळात तिने मला पहिल्यांदाच काही फर्मावलं होतं. मी श्वास रोखून बसलो. हात तेवढा गुडघ्यावर थरथरत राहिला. महिनाभर सुनेकडून माझा चहा अर्धाच कप का येतोय, ते मला तेव्हा उमगलं. पण खाली वेल्डिंगचे चार कच्चे टाके पडल्याचा तडतड आवाज ऐकला आणि मला खूप बरं वाटलं.

अॅक्सल उतरवून पक्कं वेल्डिंगही तिनेच केलं. उष्णतेने लोखंड वाकू नये म्हणून थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला. गिऱ्हाइकांनी भरली गाडी आडगावपर्यंत नेऊन आणली. "शाफ्ट हाय का नाय तेच कळंना," ते हसत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एक टेम्पो आला, चॅसीला चीर गेलेला. मी वाकून बघितलं. मग होल्डर तिच्या हातात दिला आणि विचारलं, "कुठून सुरू करायचं?"