दुरुस्तीची तारीख

एखाद्या दोषाला तुम्ही कधी तारीख देऊन बोलावले आहे का? सोलापुरात आमचा भजनांच्या रेकॉर्डिंगचा छोटा स्टुडिओ आहे. "दुरुस्ती कधी होणार?" हा प्रश्न तेथे इतक्यांदा विचारला गेला, की त्याचेच किस्से साचले.

यंदाचे काम मठाचे होते. गौराक्का या आमच्या वृद्ध गायिका. त्यांची भजने श्रावणभर पहाटे मठात लागायची होती. पहिला सोमवार चुकवणे शक्य नव्हते.

*

संगणकात तबला-झांजेचा ताल वाजवणारे सॉफ्टवेअर प्रसाद या प्रोग्रामरने लिहिलेले. त्यात बग, म्हणजे दोष, शिरला आणि मधूनच 'टक्' असा आवाज येऊ लागला. प्रसाद येऊन बसला, तो उठेपर्यंत ताल निर्मळ. तो रिक्षात बसला आणि इकडे 'टक्'!

आमचा रेकॉर्डिस्ट मल्लिनाथ म्हणाला, "मालक, ह्यो बग पावन्यासमोर लाजतोय की."

जो दोष दिसलाच नाही, तो किती दिवसांत जाईल हे प्रसाद सांगेना. मला ते आवडले.

*

पुढे उलगडले, की 'टक्' संथ लयीतच येते, तेही भजनाच्या अखेरीस. मधले ढकलून शेवट ऐकावा, तर येत नाही. म्हणजे प्रत्येक बदलानंतर सबंध भजन ऐकणे आले. भजन घाईने ऐकता येत नाही.

गौराक्का शेजारी बसून होत्या. म्हणाल्या, "तुमचं मशीन बरं हुईस्तोवर माझं पारायण झालं."

*

'टक्' गेले, तर सॉफ्टवेअरमधली झांज मागे पडू लागली.

"झांजवाला जेवून आलाय व्हय?" गौराक्कांनी विचारले.

त्या दिवशी मी नियम घातला. दुरुस्तीची तारीख कोणी द्यायची नाही, आणि पूर्ण ऐकल्यावाचून काही बाहेर जायचे नाही. जे आपल्या हाती नाही त्याचे वचन देणे, हे असत्यच होय.

*

मल्लिनाथने मात्र मठाला परस्पर रविवारचा शब्द दिला होता. रविवारी प्रसादने नवी दुरुस्ती पाठवली आणि ती अजून तपासलेली नाही, असे बजावले. मल्लिनाथने ती बसवली, पहिली दोन कडवी ऐकली आणि पेन ड्राइव्ह मठात पोहोचवला. मला कळवले नाही.

सोमवारी पहाटे सभामंडप भरला होता; गौराक्काही आल्या होत्या. आरंभ उत्तम झाला. उत्तरार्धात झांज गौराक्कांच्या आवाजापुढे धावत सुटली. टाळ्यांचा ठेका धरलेले हात एकेक करून थांबले. मागे कोणीतरी हसले.

मठाच्या स्वामींनी यंत्र बंद करविले. मल्लिनाथने प्रसादचे नाव पुढे केले.

"सॉफ्टवेअर त्यानं केलं," स्वामी म्हणाले. "शब्द कुणी दिलता?"



स्वामींनी गौराक्कांना प्रत्यक्ष गाता यावे म्हणून खुर्ची मागवली आणि मल्लिनाथच्या हाती झांज दिली. अख्खा श्रावण तो पहाटे सर्वांसमोर बसला. त्याचा हात चुकला की गौराक्का थांबत, त्याच्याकडे न पाहता म्हणत, "पयल्यापासनं." आणि भजन पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू होई.